पळणाऱ्याला डोंगर दिसत नाही म्हणे!

"डोंगर काय पळायची जागा आहे का?" हा प्रश्न गेले दोन महिने आमच्या घरात रोज विचारला जातोय. कारण आमचा भाचा. सिंहगड, राजगड, तोरणा, रायगड एका दमात पळायचे आणि लागलेली वेळ नोंदवायची असे त्याच्या डोक्यात आहे. राजगड-तोरणा-रायगड एवढ्यालाच ट्रेकर मंडळी साधारण तीन दिवस घेतात, आणि हा त्याआधी सिंहगडही जोडतोय. सरावासाठी पहाटे पाठीवर पाण्याच्या बाटल्या लादून कांजूरमार्गच्या टॉवरचे बावीस मजले चढतो-उतरतो. (वॉचमनने पहिले दोन दिवस चोर समजून अडवले होते.) ताईने मला सांगितले, "मामा म्हणून तूच समजाव." ताई, मी त्याच्या बाजूने आहे. का, ते इथे लिहितो, म्हणजे प्रत्येकाला वेगळा फोन करायला नको.

या प्रकाराला एफकेटी म्हणतात, फास्टेस्ट नोन टाइम. म्हणजे अमुक वाटेवरची आजवर माहीत असलेली सर्वात कमी वेळ. यात तिकीट नाही, टी-शर्ट नाही, मेडल नाही, स्टेजवर आमदार नाही. तुम्ही, वाट, घड्याळ आणि जीपीएसची नोंद. आणि त्यातला 'माहीत असलेली' हा शब्द मला फार आवडतो. आपल्याकडे फी भरून 'विश्वविक्रमा'ची सर्टिफिकेटे मिळतात, चौकात बॅनर लागतात. त्या बाजारात हा एक शब्द कबूल करतो की याहून जोरात कुणी गेलाही असेल, आम्हाला ठाऊक नाही. घाटावरच्या धनगरवाड्यातून दही-तूप घेऊन कोकणात उतरणाऱ्या बायकांच्या वेळा कुणी लिहून ठेवल्या?

आता विरोधकांकडे वळू. आमच्या ओळखीतले जुने ट्रेकर म्हणतात, धावणे म्हणजे सह्याद्रीचा अपमान, डोंगर निवांत बघायचा असतो. हीच मंडळी दर जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालत जातात आणि खिंडीत उभे राहून डोळे पुसतात. मीही पुसलेत. पण त्या कथेत आहे काय? जुलै 1660 ची पावसाळी रात्र, मागे सिद्दी जौहरची फौज, आणि विशाळगड गाठेपर्यंत मिळेल तेवढा वेळ. बाजीप्रभू लढले ते वेळेसाठीच. पालखी खांद्यावर घेऊन चिखलात पळणाऱ्या भोयांना कुणी निसर्गाचा आस्वाद घ्या म्हणाले नाही. आमच्या पोराच्या मागे सिद्दी नाही हे मान्य. पण डोंगरात वेगाने जाणे ही परदेशातून आलेली थेरं आहेत, हे तरी म्हणू नका.

आणि दिसत नाही म्हणता? जोरात जायचे तर आधी चार वेळा हळू जावे लागते. बुधला माचीवरून उतरणारी वाट, मोहरीच्या अलीकडचे पाणी, सिंगापूरच्या नाळेतले सुटे दगड हे त्याला आता आपल्या लेनमधल्या खड्ड्यांइतके पाठ आहेत. शनिवारी रात्री बसमधून तीनशेजण येतात, टॉर्चच्या रांगेत पुढच्याच्या पाठीकडे बघत चालतात, त्यांना काय दिसते?

एक आक्षेप मात्र खरा आहे. अमेरिकेतल्या ॲपलाचियन ट्रेलवर, साडेतीन हजार किलोमीटरभर, झाडांवर पांढरे पट्टे आहेत. 2024 साली तारा डाउअर या बाईने तो सुमारे पावणेएकेचाळीस दिवसांत पार केला आणि पुरुषांचाही विक्रम मोडला, तेव्हा वाट कुठली हा वाद नव्हता. आपल्याकडे दर पावसाळ्यानंतर वाट सरकते, कारवीत हरवते. त्यावर उपाय सोपा आहे. ठिकाणे आधी ठरवा: राजगडचा बालेकिल्ला, तोरण्यावरचे मेंगाई देवीचे देऊळ, सिंगापूरची नाळ, रायगडावरचा जगदीश्वर. मधली वाट आणि दिशा जाहीर लिहा, जीपीएसची नोंद सगळ्यांना द्या. आणि वळणे तोडून सरळ उतरायचे नाही. त्या रेघेतूनच पुढच्या जूनमध्ये माती वाहते. अमेरिकेत ग्रँड टीटनवर 2024 साली एकाने असे वळण तोडले, तर त्याची वेळ नाकारली गेली आणि वर खटलाही झाला. 2015 साली स्कॉट ज्युरेक हा नावाजलेला धावपटू ॲपलाचियनच्या शेवटच्या शिखरावर शॅम्पेन उडवून बसला, त्यालाही दंड झाला. आपल्या गडांवर हे नियम लागले तर रविवारी निम्मी गर्दी कमी होईल :)

काळजीचे म्हणाल, तर ती रास्त आहे. पण "रीतसर स्पर्धेत पळ ना" हा तोडगा मला पटत नाही. मे 2021 मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात रीतसर स्पर्धेत, नंबर छातीवर लावलेले 21 धावपटू थंडी-वाऱ्याने गेले. संयोजक असले म्हणजे डोंगर दबत नाही. पाऊस आणि उन्हाळा टाळणे, पाणी कुठे संपते ते माहीत असणे आणि परत फिरायची लाज नसणे एवढेच कामाचे. पाय मोडला तर लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांतली माणसे आपली झोप सोडून स्ट्रेचर घेऊन येतात, फुकट. त्यांना रात्री उठवायचे कारण 'माझा विक्रम' हे असू नये, हे त्याला मी बजावले आहे.

राहता राहिली वर्गवारी. 'अनसपोर्टेड' म्हणजे झऱ्याच्या पाण्याखेरीज बाहेरचे काहीच नाही. 'सेल्फ-सपोर्टेड' म्हणजे वाटेत कुणालाही मिळते ते सरबत विकत घेतलेले चालते. पण मोहरीत एखाद्या आजीने हाताला धरून बसवून भाकरी खायला घातली तर काय? नियम करणाऱ्यांना आपल्या आज्या माहीत नसाव्यात.

तो तिसऱ्या वर्गात जाणार आहे, 'सपोर्टेड'. डिसेंबरात. दापोलीत (रत्नागिरीतली नव्हे, लिंगाण्याजवळची) एक माणूस पाणी, मीठ-साखर आणि कोरडे मोजे घेऊन थांबेल. त्यामुळे नोंद जरा हलकी होते म्हणून स्वारी नाराज आहे. असू दे. तो माणूस मी आहे, ताई, आणि तुझ्या हातचे डिंकाचे लाडू न्यायला आदल्या दिवशी येतोय.