शरीरच तसे नाही, हे कोणी ठरवायचे?

बर्फावरच्या फिगर स्केटिंगमध्ये काही हालचाली अशा आहेत, की त्या शिकू पाहणाऱ्याला अनेकदा एकच वाक्य ऐकवले जाते : 'तुझे शरीरच तसे नाही.' हे वाक्य कुठे खरे ठरते आणि कुठे ती शिकवणाऱ्याची केवळ सोय असते, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे. बर्फाच्या खेळाशी आपला काय संबंध, असे वाचकांनी म्हणू नये. जन्माकडे बोट दाखवून माणसाला दारातून परत पाठवण्याची रीत जिथे दिसेल, तिथे ती तपासणे हे आम्ही आपले काम समजतो.

प्रथम हालचाल समजून घेऊ. 'स्प्रेड ईगल' या प्रकारात दोन्ही पाय बर्फावर असतात, टाचा एकमेकींकडे आणि पायांची बोटे विरुद्ध दिशांना. अशा स्थितीत खेळाडू बाजूबाजूने घसरत मोठे वर्तुळ काढतो. दोन्ही पाती आतल्या कडेवर असतील तर शरीर पुढे झुकते, बाहेरच्या कडेवर असतील तर पाठीमागे. ही दुसरी रीत अधिक कठीण. ब्रायन बोयटानो या अमेरिकन खेळाडूची ती ओळखच होती. १९८८ साली कॅलगरीत त्याने ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले. 'इना बावर' हा दुसरा प्रकार त्याच नावाच्या पश्चिम जर्मनीच्या खेळाडूवरून ओळखला जातो. त्यातही पाय विरुद्ध दिशांना असतात, पण ते दोन वेगळ्या समांतर रेषांवर चालतात. पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय सरळ. या दोन्हींना लागतो तो 'टर्नआउट', म्हणजे खुब्यापासून अख्खा पाय बाहेर वळवण्याची क्षमता. भरतनाट्यम् शिकणाऱ्या मुली अरमंडीत बसतात तेव्हा याच सांध्याची परीक्षा होते.

आता शरीराची बाजू मांडू. कारण ती खोटी नाही. खुबा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील खोबणीत बसतो. ही खोबण किती पुढे किंवा किती बाजूला उघडते, हे प्रत्येकात वेगळे असते. मांडीच्या हाडाला जन्मतःच एक पीळ असतो. लहान बाळात तो सुमारे ३० ते ४० अंश असतो आणि वाढीच्या वयात उतरत उतरत प्रौढपणी सुमारे १५ अंशांवर येतो. ज्यांचा पीळ फारसा उतरत नाही, त्यांचे पाय आत वळतात. ज्यांचा जास्त उतरतो, त्यांना टर्नआउट सहज मिळतो. हाडाचा हा आकार कोणत्याही व्यायामाने बदलत नाही. येथे जन्माचा वाटा आहे, हे आम्ही स्पष्टपणे मान्य करतो.

परंतु हाड ही अर्धीच गोष्ट आहे. उरलेला भाग अस्थिबंध आणि स्नायूंचा. आपल्याकडे कोणी म्हणेल, 'आम्ही तर जन्मभर मांडी घालून जेवतो, आमचे खुबे मोकळेच आहेत.' मांडी घालताना खुबा वाकलेला असतो. स्प्रेड ईगलमध्ये तो सरळ असतो, आणि सरळ खुब्यात सांध्याच्या पुढचा जाड अस्थिबंध ताणला जाऊन पाय बाहेर वळू देत नाही. म्हणूनच शिकाऊ मंडळी कंबर मागे काढतात. तसे केले की खुबा थोडा वाकतो आणि पाय वळल्याचा भास होतो. पण त्याबरोबर पात्याची बाहेरची कड सुटते. कंबर पायांवर आणून उभे राहणे हाच या हालचालीचा खरा धडा आहे.

तो धडा हळूहळूच शिकता येतो. नितंबाच्या खोलवर पाय बाहेर वळवणारे लहान स्नायू असतात. ते बळकट नसतील तर नुसत्या लवचीकतेचा उपयोग नाही. कुशीवर पडून, गुडघे दुमडून, टाचा जुळलेल्या ठेवून वरचा गुडघा उघडण्याचा साधा व्यायाम त्यासाठीच आहे. बर्फावर प्रथम कठड्याला धरून, नंतर आतल्या कडेवर, शेवटी बाहेरच्या कडेवर असा क्रम ठेवता येतो. ज्याला पूर्ण टर्नआउट नाही, त्याला स्प्रेड ईगलआधी इना बावर साधू शकतो. हा क्रम न पाळता पाय जबरदस्तीने वळवला, तर खुबा न देणारे अंश गुडघ्याकडून वसूल केले जातात. गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखणे किंवा जांघेत पुढे चिमटा बसल्यासारखे होणे, हा थांबण्याचा इशारा आहे. मुलाला जमिनीवर बेडकासारखे बसवून वरून मांड्या दाबणारा प्रशिक्षक त्याला शिकवत नाही, त्याचा सांधा पणाला लावतो.

या सक्तीमागे अनेकदा नियमही उभे असतात. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधील परीक्षणाच्या घोटाळ्यानंतर २००४ साली नवी गुणपद्धती आली. तिच्यात अवघड देहस्थितीला वरची पातळी मिळू लागली. पाठीमागून पाय डोक्यावर ओढून घेण्याची गिरकी १९८१ ची जगज्जेती डेनिस बीलमन हिच्या नावाने ओळखली जाते. एके काळी ती तिचे वैशिष्ट्य होती. नव्या हिशोबात ज्याची पाठ आणि खुबा देत नव्हता, तोही ती ओढूनताणून करू लागला. उलट, शिझुका अराकावा हिने २००६ साली तोरिनोत पाठ कमानीसारखी वाकवून इना बावर केला, तेव्हा त्या हालचालीला पातळीचे गुण जवळपास नव्हतेच. तरी सुवर्णपदक तिचे झाले आणि 'इनाबाउआ' हा त्या वर्षी जपानमधला गाजलेला शब्द ठरला. गंमत अशी की, अनेकांना ती पाठीची कमान म्हणजेच इना बावर वाटली. वस्तुतः ते नाव पायांच्या स्थितीचे आहे. टाळ्या पाठीला मिळाल्या, काम खुब्याने केले!

आणि शरीराची परीक्षा होण्यापूर्वीच ज्यांना परत पाठवले गेले, त्यांचे काय? मेबल फेअरबँक्स ही कृष्णवर्णीय मुलगी १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये स्केटिंग शिकू पाहत होती. रंगामुळे तिला रिंकवर प्रवेश नाकारला गेला. क्लबचे सदस्यत्व नाही म्हणून स्पर्धा नाही. तिचा खुबा किती अंश वळतो, हे कोणी विचारलेच नाही. विचारला तो रंग. पुढे ती लॉस एंजेलिसमध्ये प्रशिक्षक झाली. तिचा विद्यार्थी ॲटॉय विल्सन १९६६ साली अमेरिकेचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. ताय बॅबिलोनिया आणि रँडी गार्डनर यांची जोडी लहानपणी तिनेच जुळवली. १९७९ साली ही जोडी जगज्जेती झाली. १९९७ मध्ये फेअरबँक्सना अमेरिकन फिगर स्केटिंगच्या सन्मान दालनात स्थान मिळाले. ज्यांना दार बंद होते, त्यांच्यात गुणवत्ता नव्हती असे आता कोण म्हणेल?

आम्ही वकील आहोत. न्यायालयात जो आरोप करतो, त्याच्यावर पुराव्याचा भार असतो. 'तुझे शरीरच तसे नाही' हाही एक आरोपच आहे. तो करणाऱ्याने आधी सांध्याची तपासणी करून घ्यावी, पुरेसा काळ द्यावा, क्रमाने शिकवावे. एवढे करून हाड आड आले, तर तसे प्रामाणिकपणे सांगावे आणि दुसरी हालचाल शिकवावी. पण न तपासता नाकारणे आणि न तपासता दाबणे हे दोन्ही अन्यायच आहेत. पहिल्यात संधी जाते, दुसऱ्यात सांधा जातो.

लहान मुलांच्या बाबतीत तर ही जबाबदारी अधिक मोठी आहे. कारण मूल 'नको' म्हणू शकत नाही. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने जून २०२२ मध्ये वरिष्ठ गटाचे किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ करण्याचा निर्णय घेतला, तो योग्यच आहे. आपल्या शहरांत बर्फ नसला तरी चाकांचे स्केट आहेत, आणि मोटारींच्या रांगेखालून पाय फाकवून जाणाऱ्या चिमुरड्यांच्या विक्रमांच्या बातम्याही आहेत. त्या बातमीवर टाळ्या वाजवण्यापूर्वी पालकांनी एकच प्रश्न विचारावा : या मुलाचा खुबा कोणी तपासला आहे काय?