‘सिनेस्टाईल’ हा शब्द आता बंद करा

मराठी बातम्यांत एक शब्द वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला आहे. ‘सिनेस्टाईल’. ‘पिस्तुलाचा धाक दाखवून कार पळवली, पोलिसांनी सिनेस्टाईल पाठलाग करून दोघांना पकडले.’ शहराचं नाव आणि गाडीचं मॉडेल बदलायचं, बाकी बातमी तीच. ज्याच्या कानशिलाला पिस्तूल लावलं तो माणूस पहिल्या ओळीत येतो आणि दुसऱ्या ओळीत नाहीसा होतो. त्यानंतर असतो फक्त वेग. सायरन, आडवी घातलेली जीप, फुटलेली काच आणि शेवटी आरोपींना जमिनीवर बसवून मागे उभ्या राहिलेल्या पोलिसांचा फोटो.

मी स्वतःला वेगळा काढत नाही. रात्री दोन वाजता अंथरुणात पडून, आवाज बंद करून, अमेरिकेतल्या पाठलागांचे व्हिडिओ मीही पाहिले आहेत. हेलिकॉप्टरमधून घेतलेलं चित्र, खाली मुंगीएवढी गाडी, मागे लाल-निळे दिवे. एक संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. त्यात कुणाचा चेहरा दिसत नाही, म्हणून झोपही उडत नाही. नेमकं हेच मला आता खटकतं.

हत्यार दाखवून गाडी पळवणं हा आपल्या पिढीने आधी खेळून पाहिलेला गुन्हा आहे. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ 1997 साली आला. त्यात एक बटण दाबलं की ड्रायव्हर बाहेर फेकला जातो आणि गाडी आपली. नंतरच्या आवृत्त्यांत पोलीस मागे लागले की स्क्रीनवर तारे वाढतात. जितके तारे जास्त, तितकी मजा जास्त. बाहेर फेकलेल्या ड्रायव्हरचं पुढे काय होतं हे खेळाला ठाऊक नसतं, आपल्यालाही नसतं. पण खेळांना दोष देऊन मोकळं होता येणार नाही. 17 जून 1994 रोजी ओ. जे. सिम्पसनची पांढरी ब्रॉन्को लॉस एंजेलिसच्या हमरस्त्यावरून सावकाश चालली होती, मागे पोलिसांच्या गाड्यांची रांग होती आणि सुमारे साडेनऊ कोटी लोक टीव्हीसमोर बसले होते. एनबीसीने बास्केटबॉलची अंतिम फेरी पडद्याच्या कोपऱ्यात ढकलून ती गाडी दाखवली. पाठलागाला प्रेक्षक मिळतो हे त्या संध्याकाळी सगळ्यांना कळून चुकलं.

प्रेक्षक असलेला पाठलाग शेवटाला कसा जातो, त्याचं उदाहरण फ्लोरिडातलं आहे. 5 डिसेंबर 2019. मायामीजवळच्या कोरल गेबल्समध्ये दोघांनी दागिन्यांचं दुकान लुटायचा प्रयत्न केला, गोळीबार झाला आणि ते पळाले. पळताना त्यांनी यूपीएस कंपनीचा पार्सल पोचवणारा ट्रक ड्रायव्हरसकट ताब्यात घेतला. ड्रायव्हर त्या दिवशी पार्सलं वाटत होता, एवढाच त्याचा या प्रकरणाशी संबंध. त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्याच्या घरच्यांनी ते पुरेशा वेळा टीव्हीवर पाहिलं असेल. ट्रक पुढे, मागे पोलिसांच्या गाड्या, वर हेलिकॉप्टर, असा पाठलाग एका काउंटीतून दुसऱ्या काउंटीत गेला. टीव्हीवर थेट प्रक्षेपण चालू होतं. शेवटी मिरामार इथे, संध्याकाळी ऑफिसं सुटायच्या वेळी, सिग्नलला थांबलेल्या गाड्यांत ट्रक अडकला.

मग पोलीस धावले. आजूबाजूच्या गाड्यांत माणसं बसलेली होती आणि त्याच गाड्यांचा आडोसा घेऊन काही पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दोनशेच्या आसपास गोळ्या सुटल्या. चौघे मेले: दोन दरोडेखोर, ट्रकचा ड्रायव्हर आणि शेजारच्या एका गाडीत सिग्नल सुटायची वाट बघणारा एक माणूस. 2024 मध्ये चार पोलीस अधिकाऱ्यांवर सदोष मनुष्यवधाचे आरोप ठेवले गेले. आरोप म्हणजे दोष नव्हे, आणि कोण दोषी हे ठरवायला मी बसलेलो नाही. माझा प्रश्न साधा आहे. ज्या ओलिसासाठी एवढा खटाटोप चालला होता, तो या गणितातून नेमका कधी गळाला? माझ्या मते पाठलाग जसजसा लांबला तसतसा. तासभर एखाद्या गाडीच्या मागे धावलात की ती गाडी हीच शत्रू वाटू लागते आणि आत कोण कोण आहे हे मागे पडतं. पकडणं हाच हेतू होऊन बसतो.

आता आपल्या मुंबईकडे या.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री अजमल कसाब आणि इस्माईल खान यांनी दोन गाड्या पळवल्या. पहिली पोलिसांचीच क्वालिस होती. कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत त्यांनी त्या गाडीवर गोळीबार केला. हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर तिथे मारले गेले. त्यांना रस्त्यावर टाकून दोघे गाडी घेऊन निघाले. मागच्या भागात सहकाऱ्यांच्या देहांखाली हवालदार अरुण जाधव जखमी होऊन पडलेले होते, जिवंत. ती गाडी मेट्रो सिनेमाच्या चौकातून गोळ्या झाडत गेली. पोलिसांची गाडी असल्यामुळे तिच्यात दहशतवादी असतील हे लोकांना कळायलाच क्षण-दोन क्षण गेले. पुढे टायर फुटला. विधान भवनाच्या परिसरात त्यांनी एका स्कोडाला अडवलं, आतल्या माणसांना बंदुकीच्या धाकाने उतरवलं आणि ती घेऊन मरीन ड्राइव्हला लागले.

इथे सिनेमा असता तर दिग्दर्शकाने पंधरा मिनिटं काढली असती. समुद्राकाठचा रिकामा रस्ता, मध्यरात्र, पिवळे दिवे, दोन गाड्या. प्रत्यक्षात त्या स्कोडाच्या मागे कुणीच सुसाट धावत नव्हतं. अरुण जाधवांनी जखमी अवस्थेत वायरलेसवरून कंट्रोल रूमला कळवलं. कंट्रोल रूममधून स्कोडाचा निरोप पुढे गेला. गिरगाव चौपाटीजवळ डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याची माणसं बॅरिकेड लावून उभी होती. बस, इतकंच. एका जखमी माणसाने दिलेली खबर, ती पुढे पोचवणारा एक आवाज आणि आपली जागा न सोडणारी काही माणसं.

स्कोडा बॅरिकेडच्या अलीकडे थांबली. आतल्यांनी दिवे प्रखर केले, काचेवर पाणी उडवलं, म्हणजे आतलं दिसू नये. गाडी वळवायचा प्रयत्न केला आणि ती दुभाजकाला अडकली. गोळीबारात इस्माईल संपला. कसाबकडे अजून एके-47 होती. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात लाठी होती. त्यांनी दोन्ही हातांनी बंदुकीची नळी धरली, गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या आणि ती सोडली नाही. तेवढ्यात सहकाऱ्यांनी कसाबला लाठ्यांनी बडवून जिवंत पकडलं. जिवंत, म्हणून कट उघडा पडला, खटला उभा राहिला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 21 नोव्हेंबर 2012 ला येरवड्यात फाशी झाली ती कायद्याने झाली.

त्या रात्री शहरात हत्यारानिशी फिरणारी गाडी नाकाबंदीने थांबवली. हे वाक्य मला ‘सिनेस्टाईल’वाल्यांच्या टेबलावर चिकटवून ठेवायचं आहे.

मुंबईचा अपवाद म्हणून सोडून देऊ नका. एप्रिल 2013 मध्ये बोस्टन मॅरेथॉनच्या बॉम्बस्फोटांनंतर दोघा भावांनी रात्री पिस्तूल दाखवून एका तरुणाची मर्सिडीज त्याच्यासकट पळवली. तो तासाहून जास्त वेळ त्यांच्याबरोबर फिरत होता. केंब्रिजमध्ये पेट्रोल भरायला गाडी थांबली, एक भाऊ आत पैसे द्यायला गेला, दुसऱ्याचं लक्ष क्षणभर हललं आणि तरुण पट्टा सोडून पळाला. समोरच्या पंपावर जाऊन त्याने पोलिसांना फोन करायला लावला. त्याचा मोबाइल गाडीतच राहिला होता. त्यावरून गाडीचा ठावठिकाणा लागला. वॉटरटाउनमध्ये चकमक झाली, एक भाऊ मेला, दुसरा निसटला. दुसऱ्या दिवशी अख्खा परिसर घरात बसवून शोध घेतला तरी तो सापडला नाही. संध्याकाळी एक रहिवासी मागच्या अंगणात गेला, आपल्या बोटीवरचं आच्छादन नीट नाही हे त्याला दिसलं आणि त्याने फोन केला. तिथेही शेवटी उपयोगी पडला तो आपल्या अंगणाकडे लक्ष असलेला माणूस.

यावर लगेच विचारलं जाईल: म्हणजे चोरांना जाऊ द्यायचं का? नाही. मागे जाऊच नये असं मी म्हणत नाही. मागे जायचं ते गाडी कुठे चालली आहे हे कळण्यासाठी, आणि ती खबर पुढच्या नाक्याला देण्यासाठी. आत ओलीस असेल तर अंतर राखून. गर्दी असेल तर आणखी अंतर राखून. शहरात कॅमेरे आहेत, टोलनाके आहेत, प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. गाडी कायमची नाहीशी होत नाही. माणूस मात्र एकदा गेला की गेला.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो मला टाळायचा नाही. ओंबळे नाक्यावरच मारले गेले. मग नाकाबंदी सुरक्षित कशी? नाहीच मुळी. एके-47 समोर लाठी घेऊन उभं केलेल्या माणसासाठी कुठलीच जागा सुरक्षित नसते. हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने पोलिसांच्या गोळीबाराच्या सरावातली आणि दारूगोळ्यातली कमतरता दाखवून दिली होती. म्हणजे तो नाका त्या माणसांच्या धैर्यावर उभा होता, आपण त्यांना दिलेल्या साधनांवर नव्हे. ओंबळ्यांना 2009 मध्ये अशोकचक्र मिळालं, चौपाटीजवळ त्यांचा पुतळा उभा राहिला, एका कोळ्याच्या प्रजातीलाही त्यांचं नाव दिलं गेलं. हे सगळं योग्यच आहे. पण शौर्याचं कौतुक करता करता आपण एक सोयीचा समज करून घेतला: वेळ आली की कुणीतरी बंदुकीची नळी धरेलच. ज्या व्यवस्थेला दर वेळी असा माणूस लागतो, ती व्यवस्था नापास आहे.

आणि अशा माणसाशी आपण एरवी कसं वागतो? दरवर्षी 26 नोव्हेंबरला स्टेटसवर ओंबळ्यांचा फोटो आणि शनिवारी रात्री बॅरिकेड दिसलं की ग्रुपवर मेसेज: ‘पुढे मामा उभे आहेत, आतल्या रस्त्याने या.’ हा मेसेज मी स्वतः पाठवला आहे, म्हणून सांगतो. नाकाबंदीचा सगळा उपयोग एवढ्यासाठी असतो की पळणाऱ्याला ती कुठे आहे हे माहीत नसावं. आपण ती माहिती पन्नास जणांत फुकट वाटतो आणि त्याला मैत्री म्हणतो. 2016 च्या ऑगस्टमध्ये खारला एका वाहतूक पोलिसाने हेल्मेट नसलेल्या मुलाला अडवलं. त्या मुलाने भावाला बोलावलं, पोलिसाच्या डोक्यात दांडका बसला आणि काही दिवसांनी तो पोलीस गेला. त्याच्याही मागे कुणी सिनेस्टाईल धावत नव्हतं. तो फक्त उभा होता.

पोलिसांवर टीका करू नका असं यातून कुणी काढू नये. नाक्यावर चिरीमिरी मागितली जाते, गरीब रिक्षावाल्याला आणि महागड्या गाडीतल्याला वेगवेगळी भाषा मिळते, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. त्याबद्दल ओरडाच. पण त्याच आवाजात हेही विचारा: रात्रीच्या नाक्यावर उभ्या असलेल्यांकडे बुलेटप्रूफ जॅकेट आहे का? गेल्या वर्षभरात त्यांनी किती गोळ्या सरावासाठी झाडल्या? वायरलेस चालतो का? किती तासांची ड्युटी करून ते उभे आहेत? पाठलाग कधी थांबवायचा याचा लेखी नियम त्यांना शिकवला आहे का? या प्रश्नांचं रील होत नाही, म्हणून ते कुणी विचारत नाही. आणि कुणी विचारत नाही, म्हणून पैसा चकचकीत गाड्यांवर जातो. त्या संचलनात छान दिसतात.

वार्ताहर मित्रांना एक विनंती. पुढच्या वेळी अशी बातमी लिहाल तेव्हा दोनच गोष्टी जास्त लिहा. ज्याची गाडी गेली तो आता कसा आहे? आणि गाडी नेमकी कुणामुळे थांबली? बहुतेक वेळा उत्तर निघेल एखादा टोलनाक्यावरचा कर्मचारी, एखादा होमगार्ड, नंबर लक्षात ठेवणारा पानवाला. ‘सिनेस्टाईल’ हा शब्द मग आपोआप गळून पडेल, कारण तो लावायला जागाच उरणार नाही.

मरीन ड्राइव्हवर रात्री फिरायला जाल तेव्हा गिरगाव चौपाटीपर्यंत चालत या. विधान भवनापासून चारेक किलोमीटर भरतं. गाडीने काही मिनिटांचा रस्ता. त्या रात्री तेवढ्या मिनिटांत खबर पोचली आणि माणसं जागेवर होती. तिथे आजही बॅरिकेड लागतं. गाडीतून आलात आणि कुणी थांबवलं, तर दिवे मंद करा, काच खाली घ्या. आणि पुढे निघाल्यावर ग्रुपवर काही टाकू नका.