चाक रुतले ते द्यूतसभेतच!

कर्णाचे नाव निघाले की मराठी वाचकाचे मन हेलावते. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ साली आली, पाठोपाठ रणजित देसाईंची 'राधेय' आली आणि दोन पिढ्यांनी कर्ण ओळखला तो या कादंबऱ्यांतून. कादंबरीकाराचे स्वातंत्र्य कुणी नाकारण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो कादंबरीलाच महाभारत मानून 'कर्णाचा कपटाने खून झाला' असा निवाडा देणाऱ्यांवर. जन्मामुळे नाडला गेलेला निरपराध वीर आणि त्याला अधर्माने मारणारा श्रीकृष्ण, हे चित्र व्यासांचे नाही.

कर्णपर्व काय सांगते? युद्धाच्या सतराव्या दिवशी कर्णाच्या रथाचे चाक भूमीने गिळले. चाक काढेपर्यंत थांब, असे तो अर्जुनाला धर्माचा दाखला देऊन विनवू लागला. एकवस्त्रा द्रौपदीला सभेत खेचून आणले, फाशांत अनभिज्ञ असलेल्या युधिष्ठिराला शकुनीने लुबाडले, तेव्हा हा धर्म कोठे होता, असे श्रीकृष्णाने विचारले. त्यानंतरही अस्त्रयुद्ध चालूच राहिले. कर्णाच्या बाणाने अर्जुनाची गांडीवावरील पकड सैल झाली, तेवढ्या अवधीत कर्णाने चाक उचलण्याचा यत्न केला आणि अर्जुनाच्या अंजलिक बाणाने त्याचा शिरच्छेद झाला. ज्याने द्रोणांच्या सल्ल्यावरून अभिमन्यूचे धनुष्य तोडून अनेकांनी एका कुमाराला मारण्याचा मार्ग मोकळा केला, त्याला युद्धनियमांचा हा पुळका अखेरच्या घटकेला यावा?

'समाजाने त्याला तसे घडवले,' असे समर्थन केले जाते. रंगभूमीवर भीमाने त्याला सूतपुत्र म्हणून हिणवले, हे सत्य आहे आणि ते निंद्यच आहे. परंतु द्रौपदीने स्वयंवरात 'सूताला वरणार नाही' म्हटले, हा ज्यावर सारा कैवार उभा आहे तो प्रसंग पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीच्या मूळ पाठात नाही. धनुष्य वाकवू न शकलेल्यांत मात्र कर्णाचे नाव आहे.

शिवाय त्याच द्यूतसभेत विदुरही होता. दासीपुत्र म्हणून सिंहासनाला मुकलेला, तरीही भर सभेत धर्म सांगणारा! तेथे विकर्ण होता. दुर्योधनाचा सख्खा भाऊ असूनही द्रौपदीच्या बाजूने उभा राहिलेला! त्या विकर्णाला गप्प कुणी केले? कर्णाने. द्रौपदीला कुलटा कुणी म्हटले आणि तिची वस्त्रे उतरवण्यास दुःशासनाला कुणी सांगितले? कर्णानेच. धृतराष्ट्राचा वैश्य स्त्रीपासून झालेला पुत्र युयुत्सु तर रणांगणावर कौरवपक्ष सोडून धर्माच्या बाजूला गेला. जन्माची अवहेलना विदुराच्याही वाट्याला आली होती, अन्न युयुत्सूनेही कौरवांचेच खाल्ले होते. मग फरक कशाचा? फरक निवडीचा.

उद्योगपर्वात श्रीकृष्णाने त्याचे जन्मरहस्य उघड करून ज्येष्ठ पांडव म्हणून राज्य देऊ केले. अधिरथ आणि राधा यांची माया व दुर्योधनाचे उपकार स्मरून कर्णाने ते नाकारले. हा त्याग मोठाच. पण त्याच संवादात, दुर्योधनाला खूश करण्यासाठी पांडवांना कटू बोललो याचा आपल्याला पश्चात्ताप होतो, अशी कबुलीही त्याने दिली आहे. आपला पक्ष अधर्माचा आहे आणि तो हरणार आहे, हे त्याला ठाऊक होते. व्यासांचा कर्ण अजाण बळी नाही; तो जाणता आहे. म्हणूनच त्याचा मृत्यू शोकात्म आहे.

व्यक्तीच्या उपकाराला तत्त्वाहून श्रेष्ठ मानले की कर्णासारखे दातृत्व आणि शौर्यही अधर्माच्या रथाला जुंपले जाते. सार्वजनिक जीवनात वावरणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानी ठेवावे. आणि समाजानेही हे विसरू नये, की कुलाचा प्रश्न विचारून ज्याला आपण हिणवतो, त्याला जवळ घ्यायला दुर्योधन टपलेलाच असतो. युद्धानंतर कुंतीने सत्य सांगितले आणि युधिष्ठिराने ज्येष्ठ बंधू म्हणून कर्णाला तिलांजली दिली. बंधुत्वाची ती ओळख पटायला अठरा अक्षौहिणींचा संहार व्हावा लागला. ती रंगभूमीवरच पटली असती तर?