तांबं कुणापुढे हार मानतं?

मित्रांनो, आज एका फाटक्या विजारीची गोष्ट ऐका. अमेरिकेत इरा रेमसन (जन्म १८४६) नावाचा मुलगा एका डॉक्टरांच्या हाताखाली शिकत होता. नत्राम्लाची तांब्यावर क्रिया होते, असं त्यानं पुस्तकात वाचलं. क्रिया म्हणजे नक्की काय, ते बघूया तरी! पठ्ठ्यानं तांब्याचं नाणं टेबलावर ठेवलं आणि वर नत्राम्ल ओतलं. फस्स! हिरवट-निळा फेस उसळला, लालसर वाफा निघाल्या. घाबरून नाणं उचलायला गेला, तर बोटं चरचरली. बोटं विजारीला पुसली, तर विजारही गेली! हाच रेमसन पुढे नामांकित रसायनशास्त्रज्ञ झाला. हा किस्सा त्यानंच पुढे सांगितला.

तुम्ही म्हणाल, आम्लात धातू विरघळतोच की! हायड्रोक्लोरिक आम्लात जस्ताचा तुकडा टाकला की हायड्रोजनचे बुडबुडे येतात. बरोबर. जस्त हायड्रोजनला हुसकावून लावतं. तांब्यात मात्र तेवढी धमक नाही. त्याच आम्लात तांब्याची तार टाका, एकही बुडबुडा येणार नाही.

मग नत्राम्लात असं काय आहे? ते नुसतं आम्ल नाही, दरोडेखोरही आहे! तांब्याच्या प्रत्येक अणूचे दोन इलेक्ट्रॉन ते हिसकावून घेतं. इलेक्ट्रॉन गेले की तांबं द्रावणात उतरतं आणि निळा-हिरवा रंग येतो. लालसर-तपकिरी वाफ असते नायट्रोजन डायऑक्साइडची, आणि ती विषारी असते. तापवलेलं तीव्र गंधकाम्लही असाच दरोडा घालतं. त्यातून तयार होतं आपलं ओळखीचं मोरचूद.

आता खरं कोडं. ताक तर केवढं सौम्य! मग कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात ते कळकतं कसं? इथे दरोडेखोर बाहेरून येतो. तो म्हणजे हवेतला ऑक्सिजन! तो इलेक्ट्रॉन पळवतो आणि ताकातलं आम्ल तांब्याला हळूहळू विरघळवतं. असं ताक पोटात गेलं तर मळमळतं, उलट्या होतात. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. तो असला की तांब्याची आणि ताकाची गाठच पडत नाही. आजी कल्हईवाल्याची वाट का बघायची, कळलं ना?

रेमसनसारखा प्रयोग करायचाय? त्याच्यासारखा मुळीच नको! न्हाणीघरातल्या ॲसिडच्या बाटलीला हातही लावू नका. त्यापेक्षा आईला विचारून काळवंडलेला तांब्या घ्या आणि लिंबाची फोड मिठात बुडवून त्यावर घासा. काळा थर विरघळेल, खालचं तांबं लखलखेल. मग तांब्या स्वच्छ धुवा.

आणि हो, हात विजारीला पुसू नका!