भाडं कमी, खर्च फार!

भाचीला लग्न जुन्या वाड्यातच करायचं होतं. भाडं परवडणारं, म्हणून ताईही खूश. मी म्हटलं, आधी वही काढ! भिंतीला खिळा ठोकायचा नाही, म्हणजे मांडव वेगळा. आत चूल पेटवायची नाही, म्हणजे जेवण बाहेरून. शिवाय जनरेटर, पाण्याचा टँकर, अनामत. बेरीज भाचीनंच केली. भाड्याच्या तिप्पट! भावजी पतपेढीचं कर्ज काढणार होते, हेही तिला तेव्हाच कळलं. लग्न कार्यालयात झालं; वाड्यात फक्त घरच्यांची हळद. मैत्रिणींनो, केंद्राच्या संरक्षित स्मारकात तर १९५९ च्या नियमांनुसार लेखी परवानगीशिवाय समारंभच करता येत नाही. हौस जरूर करा, पण अटी लेखी घ्या आणि बेरीज मुलीसमोर मांडा. लेकी समजूतदार असतात हो!