पन्नास मीटरांत डोके कोठे लावायचे?

शंभर मीटर पोहण्याच्या शर्यतीत आखणी ती कसली, असे वर्गातले मित्र मला विचारतात. बाबाही तेच म्हणतात. ते कल्याणला रिक्षा चालवतात. "पाण्यात पडलं की हातपाय मारायचे, त्यात कागद-पेन्सिल कशाला?" हा त्यांचा प्रश्न. गेल्या वर्षापर्यंत माझेही मत याहून निराळे नव्हते.

मी पोहायला शिकलो तो मामाच्या गावी, रायत्याला, उल्हास नदीत, पाठीला डबा बांधून. नदीत पलीकडचा काठ गाठला की झाले. किती सेकंदांत गाठला हे कोण पाहतो? तोच दम घेऊन मी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत शंभर मीटर फ्रीस्टाइलला उतरलो. इशारा होताच जीव खाऊन हात मारले. पन्नास मीटरला मी सर्वांच्या पुढे होतो. काठावर मित्र ओरडत होते आणि मनातल्या मनात मी पदक गळ्यात घालूनही मोकळा झालो होतो. सत्तर मीटरच्या पुढे खांदे दगडासारखे झाले, पाय खाली जाऊ लागले, श्वासाला तोंड वळवले की घशात पाणी. सहावा आलो. एका मित्राने मोबाइलवर घेतलेले चित्रण घरी बसून मोजले, तेव्हा पहिल्या पन्नासला ३१ सेकंद आणि दुसऱ्याला ४२ असा हिशेब निघाला. मित्र म्हणाले, दम कमी पडला. मी म्हणतो, अक्कल कमी पडली.

आता दुसरा एक हिशेब पाहा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चीनच्या पान झानलेने शंभर मीटर ४६.४० सेकंदांत पोहून विश्वविक्रम केला. त्याचे पहिले पन्नास मीटर २२.२८ सेकंदांचे, दुसरे २४.१२ चे. पहिल्या भागात उडीचा फायदा असतो हे धरूनही, दुसऱ्या भागात मंदावणे त्यालाही चुकले नाही. पण त्याचा फरक दोन सेकंदांच्या आत, माझा अकरा. दुसऱ्या पन्नाससाठी हातात काय ठेवायचे, हे पाण्यात उतरण्यापूर्वी ठरवावे लागते. पाण्यात उतरल्यावर, विशेषतः मित्र ओरडत असताना, ते सुचत नाही.

"बरे, शंभरचे समजले; पण पन्नास मीटरला तर जीव खाऊनच पोहायचे ना?" हो. तरीही तेथे डोके लागतेच. उडीनंतर पाण्याखाली किती अंतर राहायचे (नियमाने पंधरा मीटरच्या आत डोके वर यावे लागते), श्वास एकदा घ्यायचा की घ्यायचाच नाही, शेवटचा हात पूर्ण लांबवून भिंतीला लावायचा की अर्धा हात जास्त मारायचा, हे सारे आधी ठरवावे लागते.

कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक मिळवणारा हा जलतरणपटू. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत त्याने २२.४३ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम फेरीत वेळ लागली २२.४७. कांस्यपदक गेले २२.४६ ला. सेकंदाचा शंभरावा भाग! त्या वेगाने एवढ्या वेळात माणूस दोन सेंटिमीटरांहून थोडेसेच अधिक पुढे जातो, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढे. फेरीतली वेळ अंतिम शर्यतीत आली असती तर पदक त्याचे होते. ही बातमी वाचल्यापासून भिंतीला हात लावताना मला ते पेर आठवते.

परंतु हे शिकायचे कोठे? आमच्या भागात तरणतलाव आहेत, नाही असे नाही. मी जातो तेथे पाऊण तासाची बॅच असते. एका पट्ट्यात दहा-बारा जण, कोणी शिकाऊ, कोणी वजन उतरवायला आलेले. सूर मारायला बंदी, आणि गर्दी पाहता ती योग्यच आहे. भिंतीशी कोलांटी घेऊन वळावे तर मागच्याच्या तोंडावर लाथ बसायची. म्हणजे उडी, वळण आणि शेवटचा हात, ज्यांवर शर्यत ठरते, त्यांचा सराव आम्ही थेट स्पर्धेच्या दिवशीच करतो! एक प्राध्यापक मला म्हणाले, खाजगी क्लब लाव. सरांचा हेतू चांगला होता, पण त्या फीसाठी बाबांना किती फेऱ्या माराव्या लागतील याचाही हिशेब मी केला आहे.

आपला जिमखाना दरवर्षी चषक घेतो, हार-तुरे आणतो. त्यातल्या थोड्या पैशांत आठवड्यातून एक तास दोन पट्टे भाड्याने घेता येतील आणि एक स्टॉपवॉच येईल. अर्ज लिहून तयार आहे. आठ जणांनी सह्या केल्या आहेत. त्यांतल्या तिघांना अजून पोहता येत नाही, पण वेळ घ्यायला ते काठावर उभे राहणार आहेत.