चार रुपये पगाराचा गोलंदाज : पुणे, जपानी बेसबॉल आणि कौशल्याची किंमत

१/ शोहेई ओहतानीचे व्हिडिओ पाहून जपानी बेसबॉलच्या इतिहासाकडे वळलेले पुष्कळ तरुण हल्ली पुण्यात भेटतात. त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : परक्यांकडून शिकलेल्या खेळात परक्यांनाच हरवण्याची अशी गोष्ट आपल्याकडे का घडली नाही? माझे उत्तर असे की ती घडली, आणि तिची सुरुवात पुण्याच्या लष्कर भागात झाली. आजचा धागा तिच्याविषयी आहे. मात्र आधी जपानला जाऊन येऊ.

२/ १८७२ च्या सुमारास होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकाने टोकियोतील विद्यार्थ्यांना बेसबॉल शिकवला. योकोहामा बंदरात राहणाऱ्या परदेशी व्यापाऱ्यांचा स्वतःचा क्लब होता आणि जपानी विद्यार्थ्यांशी सामना खेळणे हा क्लब अनेक वर्षे टाळत आला होता. अखेर मे १८९६ मध्ये सामना झाला. टोकियोच्या ‘इचिको’ या विद्यालयाने तो २९-४ असा जिंकला.

३/ पुढे बेसबॉल हा जपानी विद्यार्थ्यांचा खेळ झाला. शाळा-महाविद्यालयांच्या नावासाठी खेळणे प्रतिष्ठेचे मानले जाई आणि पैसे घेऊन खेळणे हलके. १९३४ साली योमिउरी वृत्तपत्राचे मालक मात्सुतारो शोरिकी यांनी बेब रूथसह अमेरिकन तारांकित खेळाडूंचा संघ जपानला आणला, तेव्हा व्यावसायिकांशी खेळण्यास विद्यार्थी संघांना बंदी होती. म्हणून शोरिकींनी स्वतंत्र संघ उभारला. क्योतोच्या शाळेतील एइजी सावामुरा शिक्षण सोडून त्या संघात आला.

४/ २० नोव्हेंबर १९३४, शिझुओका. सतरा वर्षांच्या सावामुराने गेरिंगर, रूथ, गेरिग आणि फॉक्स या चौघांना एकापाठोपाठ चेंडू हुकवायला लावून बाद केले. सामना जपानने ०-१ असा गमावला. एकमेव धाव लू गेरिगच्या फटक्यातून आली. तो पराभव जपान आजही अभिमानाने सांगतो. १९३६ मध्ये व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. संघांचे मालक होते वृत्तपत्रे आणि रेल्वे कंपन्या. ‘रेल्वे कंपनी’ हे शब्द ध्यानात ठेवा, पुढे लागतील.

५/ आता पुणे. पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. कुटुंब चर्मकार समाजाचे, वडील लष्करी नोकरीत. बाळू आणि त्यांचे भाऊ पुण्यात गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या सामानाने क्रिकेट शिकले. पहिली नोकरी पारशांच्या एका क्लबात लागली. काम म्हणजे खेळपट्टी झाडणे, तिच्यावर रोलर फिरवणे आणि सदस्यांना हवे असेल तेव्हा सरावासाठी चेंडू टाकणे.

६/ १८९२ च्या सुमारास बाळू पूना क्लबात लागले. हा क्लब युरोपियनांचा. पगार महिना चार रुपये. जाळी बांधायची, खेळपट्टी आखायची, आणि मग तासन्‌तास डावखुरी फिरकी टाकायची. समोर कॅप्टन जे. जी. ग्रेग यांच्यासारखे कसलेले फलंदाज असत. ग्रेग स्वतः बाद झाले की दर वेळी बाळूंना आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी मानली, तर ग्रेगना आठ वेळा बाद केले की महिन्याच्या पगाराइतकी कमाई होई.

७/ माझ्या मते या काळातला सर्वात बोलका तपशील निराळाच आहे. त्या सगळ्या वर्षांत क्लबात बाळूंच्या हाती फलंदाजीसाठी बॅट दिली गेली नाही. फलंदाजी साहेबांची, चेंडू टाकणे नोकराचे. इंग्लंडमध्येही हौशी ‘जंटलमन’ आणि पगारी ‘प्लेअर’ अशी विभागणी होती; दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या असत. ती रीत तिथे १९६२ मध्ये औपचारिकपणे संपली. पुण्यात या वर्गभेदावर जातीचा आणखी एक थर चढला होता.

८/ युरोपियनांशी स्पर्धा करणाऱ्या पुण्यातील हिंदू क्लबाला बाळू हवे होते आणि नकोही होते. अस्पृश्य खेळाडू घ्यावा की नाही, यावर सदस्यांत वाद झाला. अखेर जिंकण्याची इच्छा वरचढ ठरली आणि बाळू संघात आले. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र इतरांना चिनी मातीच्या कपात चहा मिळे, आणि बाळूंना पॅव्हिलियनच्या बाहेर मातीच्या फेकाऊ भांड्यात. जेवणाचे ताट आणि जागाही वेगळी असे.

९/ इथे जरा थांबावेसे वाटते. जो चेंडू बाळूंच्या हातातून निघे, तोच यष्टिरक्षक झेली, तोच क्षेत्ररक्षक कपड्यांवर पुसे. विटाळ चेंडूला नव्हता, कपाला होता. यावरून मला वाटते की जात पाळणाऱ्यांना आपण काय करतो आहोत हे नीट ठाऊक होते. सोयीच्या ठिकाणी ते नियम शिथिल करीत आणि सोय संपली की पुन्हा घट्ट करीत.

१०/ पुण्यातील प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईला गेले. तिथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांच्या प्रवेशावरून पुन्हा तोच वाद झाला आणि पुन्हा कौशल्याची गरजच जिंकली. नोकरी मिळाली ती बी. बी. अँड सी. आय. या रेल्वे कंपनीत, आणि तिच्या संघातूनही ते खेळले. जपानमध्ये हनशिन आणि हानक्यू या रेल्वे कंपन्यांनी १९३० च्या दशकात व्यावसायिक संघ उभे केले. आपल्याकडे त्याच्या तीसेक वर्षे आधी एक रेल्वे कंपनी एका गोलंदाजाला पोसत होती. फरक असा की खेळ हा इथे मान्यताप्राप्त पेशा झाला नव्हता. पगार कामगार म्हणून मिळे, खेळाडू म्हणून नाही.

११/ फेब्रुवारी १९०६. मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम, दोघेही त्या संघात होते. १८९६ च्या योकोहामातील विजयाशेजारी ठेवावा असाच हा विजय. इचिकोच्या विजयाने जपानी विद्यार्थी आपल्या राष्ट्राकडे अभिमानाने पाहू लागले. इथे प्रश्न थोडा अवघड होता, कारण ज्यांच्या बळावर ‘आपण’ जिंकलो, ते ‘आपल्या’ पंगतीत बसू शकत नव्हते.

१२/ १९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाच्या वाट्याला पराभवच अधिक आले. पण पस्तिशीतल्या बाळूंनी त्या दौऱ्यात १८.८४ च्या सरासरीने ११४ बळी घेतले. सावामुराचा ०-१ चा पराभव जपानने जपून ठेवला. हे ११४ बळी आपल्यापैकी किती जणांनी शालेय पुस्तकात वाचले आहेत?

१३/ ‘खेळाने जात मोडली’ असे वाक्य बाळूंवरच्या लेखांत वारंवार येते. मला ते मान्य नाही. खेळाडूपुढे तीन दारे असतात : मैदानाचे, पंगतीचे आणि नेतृत्वाचे. पहिले दार कौशल्याने उघडते, कारण ते उघडण्यात मालकाचाच फायदा असतो. उरलेली दोन कौशल्याने उघडत नाहीत. बाळू अनेक वर्षे हिंदू संघाचे प्रमुख गोलंदाज होते. कर्णधारपद त्यांना कधीही मिळाले नाही.

१४/ तिसरे दार कसे हलले, ते १९२० मध्ये दिसले. चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाचे नियोजित कर्णधार एम. डी. पै आजारी पडले. बाळूंना संघातून वगळले गेले आणि नेतृत्व बाळूंहून बरेच तरुण असलेल्या पुण्याच्या दि. ब. देवधरांकडे गेले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी खेळण्यास नकार दिला आणि आपली बाजू जाहीरपणे मांडली. देवधर मोठे खेळाडू होते, याबद्दल वाद नाही. वाद निवडीच्या निकषाचा होता.

१५/ परिणाम झाला. अंतिम सामन्यासाठी पै परतले, भाऊ परतले आणि बाळूंना उपकर्णधार केले गेले. सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ बाळूंनी संघ चालवला. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघाने स्पर्धा जिंकली. जे दार बाळूंच्या शेकडो बळींनी उघडले नव्हते, ते दोन भावांच्या नकाराने आणि बदलत्या राजकीय हवेने उघडले. विठ्ठल यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे मराठी आत्मचरित्र या काळासाठी अवश्य शोधून वाचावे.

१६/ जपानची बाजू उजळ आणि आपली काळी, असे मात्र नाही. विक्टर स्टार्फिन हा रशियन क्रांतीतून पळालेल्या कुटुंबातला मुलगा. योमिउरी जायंट्ससाठी खोऱ्याने सामने जिंकत असताना १९४० मध्ये त्याला जपानी नाव घ्यावे लागले, आणि युद्धकाळात नजरकैदेत राहावे लागले. खुद्द सावामुराला वारंवार सैन्यात नेण्यात आले; खांदा निकामी झाल्यावर संघाने त्याला मोकळे केले. डिसेंबर १९४४ मध्ये त्याचे जहाज बुडाले आणि तो मरण पावला.

१७/ सादाहारू ओह यांची गोष्ट आपल्या तीन दारांना अधिक जवळची आहे. जन्म टोकियोचा, आई जपानी, वडील चिनी. १९५७ मध्ये त्यांनी आपल्या शाळेला वसंत ऋतूतील राष्ट्रीय शालेय स्पर्धा जिंकून दिली. त्याच वर्षी राष्ट्रीय क्रीडा महोत्सवात त्यांना खेळू दिले नाही, कारण कागदोपत्री ते जपानी नागरिक नव्हते. पुढे त्यांनी जायंट्सकडून ८६८ होमरन मारले. कोरियन कुटुंबात, हिरोशिमात जन्मलेले आणि अणुबॉम्बमधून वाचलेले इसाओ हारिमोतो यांनी ३०८५ यशस्वी फटक्यांचा विक्रम केला.

१८/ तरीही एक फरक महत्त्वाचा आहे. ओह पुढे जायंट्सचे व्यवस्थापक झाले आणि २००६ च्या जागतिक बेसबॉल स्पर्धेत त्यांच्याच मार्गदर्शनाखाली जपान विजेता ठरला. ज्याला पूर्वी महोत्सवातून वगळले, त्याच्याच हाती राष्ट्रीय संघ दिला गेला. याला अर्धे शतक लागले, हे खरे. जात आणि नागरिकत्व या एकच गोष्टी नाहीत, हेही खरे. पण व्यावसायिक स्पर्धेने एक काम केले होते : प्रत्येक फटका मोजला आणि लिहून ठेवला. ८६८ हा आकडा नाकारणे कोणालाही शक्य नव्हते.

१९/ पूना क्लबाच्या सरावात बाळूंनी किती चेंडू टाकले, किती साहेबांना चकवले, याची वही कोणी ठेवली नाही. नोकराच्या श्रमाची नोंद होते ती हजेरीपटावर, धावफलकावर नाही. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला ही सर्वात मोठी हानी वाटते. आपल्याकडे त्या वर्षांतून उरली आहे ती आठ आण्यांची आख्यायिका.

२०/ बाळूंचे नंतरचे आयुष्यही सोपे उत्तर देत नाही. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्यात झालेल्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसचे उमेदवार म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. काहींना यामुळे त्यांच्याविषयी बोलणे अडचणीचे वाटते. मला वाटते, नायक आपल्या राजकीय सोयीचा असावा ही अपेक्षा म्हणजे चौथे दार बंद करणे होय : आठवणीचे. १९५५ मध्ये बाळूंचे निधन झाले.

२१/ जपानने सावामुराला युद्धात गमावले. पण १९४७ पासून वर्षातील सर्वोत्तम चेंडूफेक करणाऱ्याला त्याच्या नावाचा पुरस्कार मिळतो. दर वर्षी बातमी येते, दर वर्षी एखादे मूल ‘हा सावामुरा कोण?’ असे विचारते. आपल्याकडे देवधरांच्या नावाने देशपातळीवरची स्पर्धा सुरू झाली, आणि ते योग्यच झाले. बाळूंच्या नावाने त्या तोडीचे काही नाही.

२२/ म्हणून माझी मागणी साधी आहे. पुतळा नको, चौकाला नाव नको. राज्यातील वर्षाच्या सर्वोत्तम फिरकी गोलंदाजाला पालवणकर बाळू यांच्या नावाने पुरस्कार द्यावा, आणि तो पुण्यात द्यावा. मानपत्रावर दोन आकडे छापावेत : ११४ बळी आणि महिना चार रुपये. पहिला आकडा वाचून टाळ्या पडतील. दुसरा वाचून कोणीतरी प्रश्न विचारील, आणि तिथून इतिहास सुरू होईल.

२३/ धागा इथे संपतो. तुमच्या गावच्या जुन्या क्लबात, जिमखान्यात किंवा तालमीत खेळपट्टी झाडणारे, आखाडा खणणारे, सरावाला उभे राहणारे कोण होते? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि जे कळेल ते तारीख घालून लिहून ठेवा. ती वही पूना क्लबात कोणी ठेवली नाही. आपण ठेवू शकतो.